आमची किटली

एका शुक्रवारी जेवणानंतर काम सुचत नव्हतं, म्हणून मी आमच्या सगळ्या रिपॉझिटरींमध्ये ‘अपलोड’ हा एकच शब्द शोधायला टाकला. क्लाउडवर फाइल चढवणारं फंक्शन नऊ ठिकाणी सापडलं, नऊ जणांनी नऊ तऱ्हांनी लिहिलेलं. एकाने नेटवर्क तुटलं तर तीनदा प्रयत्न करायची सोय ठेवली होती, दुसऱ्याने एकदाही नाही, तिसऱ्याने मात्र जन्मभर प्रयत्न करत राहायची. एका ठिकाणी क्लाउडच्या खात्याची किल्लीच कोडमध्ये चिकटवलेली होती आणि तिच्यावर कॉमेंट होती, ‘हे नंतर काढायचं’. कॉमेंट तीन वर्षांपूर्वीची. लिहिणारा बेंगळुरूला निघून गेला होता, किल्ली तिथेच लटकत होती.

आमची कंपनी बाणेरला, पण काम सगळं गावाकडचं. दूध संकलन केंद्रांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. शेतकरी सकाळ-संध्याकाळ केंद्रावर दूध घालतो, काट्यावर माप होतं, मशीन फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक, काढतं, दरपत्रकावरून दर लागतो आणि पावती निघते. ही नोंद इंटरनेट असेल तेव्हा क्लाउडवर येते. दर दहा दिवसांनी बिल: १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर. पशुखाद्याची, उचलीची कपात होऊन उरलेली रक्कम खात्यावर, आणि मोबाइलवर मेसेज. मी स्वतः करवीर तालुक्यातली. आमच्या घरी दोन म्हशी आणि एक गाय आहे आणि आई ज्या डेअरीत दूध घालते तिथे आमचंच सॉफ्टवेअर चालतं. हे सांगायचं कारण पुढे येईल.

क्लाउड म्हणजे आमच्यापुरतं एडब्ल्यूएस, ॲमेझॉनच्या सेवा. मुंबईतला त्यांचा रीजन जून २०१६ मध्ये सुरू झाला, त्याआधी आपल्याला जवळचा रीजन म्हणजे सिंगापूर. फाइली ठेवायला एस-थ्री, कामं रांगेत लावायला एसक्यूएस, एवढ्यावर आमचं निम्मं घर चालतं. पायथनमधून या सेवांशी बोलायला बोटो-थ्री नावाची अधिकृत लायब्ररी आहे. मिच गार्नाट या माणसाने २००६ साली, म्हणजे एस-थ्री आलं त्याच वर्षी, पहिली बोटो लिहायला घेतली. ॲमेझॉन नदीत गोड्या पाण्यात राहणाऱ्या डॉल्फिनला बोटो म्हणतात, त्यावरून हे नाव. बोटो-थ्री २०१५ ची. तिच्यातली बहुतेक फंक्शनं कोणी एकेक करून लिहिलेली नाहीत. प्रत्येक सेवेचं वर्णन जेसन फाइलींमध्ये असतं आणि प्रोग्रॅम चालू होताना त्यावरून फंक्शनं तयार होतात. त्यामुळे तिच्यात सगळं आहे, पण ते सरकारी फॉर्मासारखं आहे. रकाने सगळे छापलेले, कुठला भरायचा आणि कुठला मोकळा सोडायचा ते मात्र खिडकीवरच्या माणसाला विचारावं लागतं. आमच्या ऑफिसात तो खिडकीवरचा माणूस मी झाले होते. दिवसातून चारदा कोणीतरी खुर्ची सरकवत यायचं, ‘अगं, ते एस-थ्रीचं एक मिनिट बघतेस का?’

मग मी ठरवलं की एक लायब्ररी करायची. नऊ फंक्शनांचं एक करायचं आणि ते सगळ्यांनी वापरायचं. नावावरून टीममध्ये अर्धा तास गेला. एस-थ्रीमध्ये फाइली ज्यात राहतात त्याला बकेट म्हणतात. आमची टेस्टिंग करणारी मैत्रीण म्हणाली, दूध बादलीत काढतात पण डेअरीला नेतात किटलीतून. झालं, किटली. पहिल्या व्हर्जनमध्ये सहा फंक्शनं होती: ठेव, आण, आहे का, यादी, रांगेत टाक, रांगेतून घे. ज्याला पूर्वी तीस-चाळीस ओळी लागायच्या ते एका ओळीत होऊ लागलं. डेमोला मॅनेजर खूश झाला. मी तर फारच खूश होते. खुर्च्या सरकवत येणारे लोक थांबले, आणि नवीन आलेली मुलं दुसऱ्याच दिवशी स्वतःचं स्वतः काहीतरी अपलोड करायला लागली.

काही गोष्टी किटलीने खरंच चांगल्या केल्या. केंद्रांवरून मोठ्या बॅकअप फाइली तुकड्या-तुकड्यांनी येतात. मध्येच लाइट गेली तर अर्धवट आलेले तुकडे एस-थ्रीमध्ये पडून राहतात, नेहमीच्या यादीत दिसत नाहीत आणि भाडं मात्र चालू असतं. नवी बकेट किटलीतून केली की सात दिवसांनी असे तुकडे आपोआप पुसण्याचा नियम तिच्यावर लागायचा. पुढच्या महिन्याचं बिल पाहून अकाउंट्सवाल्यांनी मला चहा पाजला. सॉफ्टवेअरमध्ये अकाउंट्सकडून चहा मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

पहिला दणका बसला यादीचा. एस-थ्रीकडे यादी मागितली की ते एका वेळी जास्तीत जास्त १,००० नावं देतं. अजून आहेत असं सोबत सांगतं, मग एक टोकन घेऊन पुढची मागायची. मला हे माहीत होतं आणि तरी राहिलं, कारण मी तपासताना फोल्डरमध्ये चाळीसेक फाइली होत्या. काही महिन्यांनी एक मोठा दूध संघ आमच्याकडे आला. पहिल्या दिवशीच्या अहवालात ‘आज नोंदी आलेली केंद्रं: १,०००’. मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं सुद्धा, वा, काय गोल आकडा आहे. संशय कोणालाच आला नाही. आता मला कुठेही बरोबर हजार दिसले की पोटात गोळा येतो. नावं रोमन अक्षरांच्या क्रमाने येतात, त्यामुळे गळालेली केंद्रं सगळी शेवटच्या अक्षरांची होती. वडगाव नावाची एकूण एक गावं त्यात होती, यळगूड होतं. एररचा कुठे मागमूस नाही. त्या केंद्रांवर त्या दिवशी दूधच आलं नाही, एवढंच अहवाल म्हणत होता.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती आणि एका ठिकाणी केली की सगळीकडे झाली. सामायिक लायब्ररीचा हा फायदा मी सगळ्यांना अभिमानाने सांगितला. संध्याकाळी घरी जाताना आठवलं, की त्या नऊ ठिकाणच्या जुन्या कोडपैकी दोन ठिकाणी यादीची पुढची पानं मागवण्याची सोय व्यवस्थित होती. ती दोन्ही काढून मी त्यांच्या जागी माझं बसवलं होतं. म्हणजे दोन टीमचं बरोबर चाललेलं काम मी बिघडवलं आणि मग दुरुस्त करून शाबासकी घेतली. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही.

दुसरी चूक आईने पकडली. केंद्रावर रांग लागायच्या आत मोकळं व्हावं म्हणून ती पहाटे पाचलाच किटली घेऊन डेअरीत असते. एका सकाळी ऑफिसला निघताना तिचा फोन आला. ‘अगं, आज सकाळी घातलेलं दूध तुझा मोबाइल कालच्या तारखेला दावतोय. आजची सकाळ रिकामी. मी दूध घालायचं बंद केलं व्हय?’

मी म्हटलं, नेटवर्कमुळे असेल, दुपारपर्यंत येईल. तिने ऐकून घेतलं. तीन दिवसांनी पुन्हा फोन. तिने वही काढून ठेवली होती. आईची वही म्हणजे जुनी शाळेची दोनशे पानी, तीत रोजचं दूध, फॅट आणि रुपये. वहीप्रमाणे मागचे तीनही दिवस सकाळचं दूध एक दिवस आधी पडलेलं. शेजारच्या काकूंचं मात्र बरोबर होतं. त्या सहाला जातात.

पाच आणि सहा हे दोन आकडे ऐकले आणि कळलं. आमचे सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेवर, चालतात आणि आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी घातलेलं दूध सर्व्हरच्या लेखी आदल्या रात्री अकरा चाळीसचं. किटलीत मी एक सोय करून ठेवली होती. फाइल ठेवताना तारीख दिली नाही तर ‘आज’ची तारीख घेऊन ती आपोआप त्या दिवसाच्या फोल्डरात जायची. हे ‘आज’ ग्रीनिचचं होतं. साडेपाचच्या आत दूध घालणारा प्रत्येक जण रोज एक दिवस मागे जात होता, आणि ११ किंवा २१ तारखेला तर त्याचं पहाटेचं दूध मागच्या बिलात पडत होतं. पैसे बुडत नव्हते, पण बिल आणि वही जुळत नव्हती. गावात वही न जुळणं ही काय गोष्ट असते ते ऑफिसात समजावून सांगताना मला जड गेलं.

आमच्या टेस्टिंगमध्ये हे का सापडलं नाही? कारण आमचा टेस्टिंगचा सगळा डेटा सकाळी अकरा ते संध्याकाळी सात या वेळात जन्मलेला होता. पहाटे पाचला उठून कोणी टेस्टिंग करत नाही. आता किटलीत ‘आज’ असं काही नाही. तारीख आणि पाळी केंद्रावरच्या नोंदीतून यावी लागते. दिली नाही तर किटली काम करायला नकार देते.

इथे थोडं रिट्रायबद्दल. क्लाउडशी बोलताना अधूनमधून नकार येतोच, थोडं थांबून पुन्हा विचारायचं असतं. बोटो-थ्री स्वतःच, मूळच्या सेटिंगमध्ये, पहिला धरून एकूण पाच प्रयत्न करते. किटलीत मी त्यावर तीन वेळा करायची सोय ठेवली. आणि किटली वापरणाऱ्या टीमने, आपल्या बाजूने काळजी म्हणून, अजून तीन. पाच गुणिले तीन गुणिले तीन, पंचेचाळीस. १ तारखेला सकाळी सगळ्या केंद्रांची बिलं एकदम निघतात आणि एखादी सेवा जरा दमली की प्रत्येक जण तिच्या दारावर पंचेचाळीस वेळा थाप मारणार, तेही ठरावीक सेकंदांनी, सगळे एकाच वेळी. संध्याकाळी सहाला हिंजवडीतून सगळे एकदम बाहेर पडले की काय होतं ते पुणेकरांना सांगायला नको. उपाय जुना आहे: दर खेपेला थांबण्याचा वेळ वाढवत न्यायचा आणि त्यात थोडा यादृच्छिकपणा टाकायचा, म्हणजे प्रत्येक जण वेगळ्या क्षणी परत येतो. किटलीतला आणि टीमांमधला रिट्राय काढून टाकला आणि बोटोचा तेवढा ठेवला. कोड कमी करून सुधारणा झाल्याचा मला जो आनंद होतो तो कोड लिहून होत नाही.

आता मुख्य गोष्ट. ‘आहे का’ या फंक्शनची.

एखादी फाइल बकेटमध्ये आहे की नाही एवढंच ते सांगायचं. आत चार ओळी होत्या. एस-थ्रीकडे त्या फाइलची नुसती माहिती मागायची. माहिती मिळाली तर उत्तर ‘हो’. काहीही एरर आली तर उत्तर ‘नाही’. लिहिलं तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही. फाइल नसली की ४०४ येतो, बाकी काय येणार?

बिलाचं काम असं चालायचं. पहाटे पाचपासून दर तासाला एक जॉब उठायचा, कारण सगळ्या केंद्रांची नोंद एकाच वेळी पूर्ण होत नाही. प्रत्येक केंद्रासाठी तो बघायचा, या दहा दिवसांची ‘झालं’ नावाची रिकामी फाइल आहे का? असेल तर पुढचं केंद्र. नसेल तर बिल काढायचं, प्रत्येक शेतकऱ्याला मेसेज पाठवायचा आणि शेवटी ‘झालं’ फाइल ठेवून द्यायची.

एका महिन्याच्या १० तारखेला संध्याकाळी आमच्या सिक्युरिटीवाल्या सहकाऱ्याने परवानग्या आवळल्या. कोणाला काय वाचता येतं, काय लिहिता येतं ते कितीतरी दिवस ढिलं होतं, ते त्याने नीट बांधलं. त्यात बिलाच्या जॉबची ‘झालं’ फाइलींच्या फोल्डरातून वाचायची परवानगी गेली. लिहायची राहिली.

११ ला पाच वाजता जॉब उठला. ‘झालं’ आहे का? एस-थ्री म्हणालं ४०३, तुला बघायची परवानगी नाही. किटलीने जॉबला सांगितलं, ‘नाही’. जॉबने बिलं काढली, मेसेज पाठवले, ‘झालं’ ठेवलं. सहाला पुन्हा उठला. ‘झालं’ आहे का? ४०३. ‘नाही’. बिलं, मेसेज, ‘झालं’. सातला तेच. आठला तेच. दर तासाला तो इमानदारीने ‘झालं’ लिहीत होता आणि आपलंच लिहिलेलं वाचता येत नाही म्हणून पुढच्या तासाला पहिल्यापासून सुरुवात करत होता.

आठ चाळीसला एका डेअरीच्या सचिवांचा फोन आला. हे गृहस्थ एरवी फार मवाळ. ‘मॅडम, तुमच्या मशीननं लोकांना चार-चार मेसेज टाकलेत. एक आज्जी डेअरीच्या पायरीवर बसलीय, म्हणतीय चार बिलं आलीत तर चारी द्या. मी काय सांगू तिला?’

मी आधी जॉब बंद केला. नऊचा वाजला नाही, एवढंच त्या सकाळी माझ्या हातून बरोबर झालं. मग शोधायला बसले. लॉगमध्ये काहीच नव्हतं. एकही एरर नाही, सगळं हिरवं. माझ्या लॅपटॉपवरून तीच फाइल मागितली तर व्यवस्थित मिळत होती, कारण माझ्या परवानग्या सगळ्या. तास गेला. शेवटी सर्व्हरचीच ओळख घेऊन, किटली बाजूला ठेवून, थेट बोटोने विचारलं तेव्हा ४०३ पडद्यावर आला. मग किटलीत ती ओळ कोणी लिहिली ते पाहिलं. मीच. बदलासोबतचा शेरा होता, ‘सोपं केलं’.

पैसे दोनदा गेले नाहीत. बँकेकडे जाणारी यादी सचिव अजूनही स्वतः तपासून पाठवतात. मध्यंतरी ती पायरी काढून टाकावी अशी आमच्याकडून सूचना गेली होती आणि त्यांनी ती ऐकली नव्हती. दुपारपर्यंत मी आणि सपोर्टची दोन मुलं फोनवर होतो. आज्जींशी मी स्वतः बोलले. त्या चिडल्या नव्हत्या. ‘मग आधीच एकदा नीट सांगायचं की,’ एवढंच म्हणाल्या.

परवानगीवाल्या सहकाऱ्याला दोन दिवस सगळे टोमणे मारत होते. त्याची चूक नव्हती. दार बंद असताना आत कोणी नाही असं सांगणारी माझी किटली होती. नंतर वाचताना अजून एक बारकावा कळला. ज्याला यादी बघायची परवानगी नाही त्याने नसलेली फाइल मागितली तरी एस-थ्री ४०४ देत नाही, ४०३ देतं. परक्या माणसाला ‘नाही’ एवढंही कळू नये म्हणून हे मुद्दाम केलेलं आहे. म्हणजे एस-थ्रीकडे तीन उत्तरं आहेत, आहे, नाही आणि सांगणार नाही. तिसरं उत्तर मी खाऊन टाकलं होतं, वापरणाऱ्याला त्रास नको म्हणून.

आता ‘आहे का’ फक्त ४०४ आला तरच ‘नाही’ म्हणतं. बाकी काहीही आलं तर ती एरर जशीच्या तशी वर फेकतं आणि जॉब थांबतो. त्यासाठी जॉबला यादी बघायची परवानगीही द्यावी लागली, नाहीतर नव्या केंद्रावर, जिथे ‘झालं’ खरंच नाही, तिथेही तो अडला असता. पहिल्या आठवड्यात तक्रारी आल्या की किटली हल्ली सारखी फुटते. दोन जॉब असे सापडले जे कितीतरी महिने परवानगी नसताना चालू होते आणि रोज रात्री काहीच न करता ‘यशस्वी’ म्हणून संपत होते.

वरच्या मजल्यावरच्या एका टीमने किटली कधीच घेतली नाही. त्यांचा लीड माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, मी त्याला सर म्हणते, तो मला ‘बाई’ म्हणतो. ‘बाई, मला किटली नको, मला गोठा माहीत आहे,’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. २०१६ च्या मार्चमधली लेफ्ट-पॅडची गोष्ट त्याने मला निदान पाच वेळा ऐकवली आहे. जेमतेम अकरा ओळींचं एक जावास्क्रिप्ट पॅकेज त्याच्या लेखकाने रागावून एनपीएमवरून काढून टाकलं आणि जगभर लोकांचे प्रोजेक्ट बांधायचे थांबले. अकरा ओळी स्वतः लिहायला काय झालं होतं, हा त्याचा प्रश्न. आमच्याकडे हजाराचा घोळ झाला तेव्हा त्याची टीम शांत होती. पहाटेच्या तारखेचा झाला तेव्हाही. त्याचं बरोबर आहे असं मला तेव्हा वाटायचं. आज अर्धंच वाटतं, कारण चिकटवलेली ती किल्ली निघाली होती त्याच्याच टीमच्या कोडमध्ये.

त्याच्यामुळे एक सुधारणा मात्र झाली. लोकांना किटलीत नसलेलं काही हवं असलं की ते माझ्याकडे मागायचे आणि मी एक-एक पॅरामीटर वाढवत जायचे. ‘ठेव’ला सुरुवातीला दोन पॅरामीटर होते, दीड वर्षात चौदा झाले. ते बघून सर म्हणाले, ‘बाई, हा तर पुन्हा सरकारी फॉर्म झाला.’ मी नऊ पॅरामीटर काढले आणि एक झाकण बसवलं. किटलीकडे ‘कच्चा’ मागितलं की ती थेट बोटोचा क्लायंट हातात देते. ज्याला जे हवं ते त्याने तिथून करावं. पूर्वी मला ती पळवाट वाटायची, म्हणून देत नव्हते. देऊन पाहिलं तर वापर कमी झाला नाही, उलट सरांच्या टीममधल्या दोन मुलींनी गुपचूप किटली घेतली.

नवीन मुलांना मी आता किटली शिकवण्याआधी एक दिवस नुसत्या बोटोवर बसवते. ४०३ आणि ४०४ स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला लावते, हजारावर एक फाइल ठेवून यादी मागायला लावते. एक मुलगा म्हणाला, मॅडम, हे सगळं किटली करतेच की. करते. तरी बस म्हटलं.

आईची वही अजून चालू आहे. महिन्यातून एकदा फोनवर ती आकडे वाचून दाखवते आणि मी पडद्यावर जुळवते. बिलाच्या टीममध्ये हे कोणाला माहीत नाही. माझ्या दृष्टीने आमच्याकडची ती सगळ्यात भरवशाची टेस्ट आहे.

किटलीचं सध्या ३.२ व्हर्जन चालू आहे. गेल्या महिन्यात सर्व्हर मोजताना एक जुनी मशीन सापडली, तिच्यावर ०.४ अजून जिवंत आहे, ‘सोपं केलं’ वालीच. ती एका छोट्या डेअरीची बिलं काढते आणि आजवर कधी चुकलेली नाही. कारण तिच्या परवानग्यांना कोणी हात लावलेला नाही. मी ती बदलायला शनिवारचा अर्धा दिवस मागितला आहे. तोवर आमच्या ऑफिसातल्या कोणी हे वाचत असेल तर एवढंच करा, त्या मशीनच्या परवानग्या आवळायच्या आधी मला फोन करा.